सालईचा धूप आणि बाटलीतले तेल

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात आमचा प्रौढांचा वर्ग भरतो. वेळ रात्री आठची. भाकरी-कालवण आणि गुरांचे चारापाणी उरकून मंडळी येतात. पाटीवर अक्षरे गिरवतात, धडा वाचतात, थोडे हसतात-बोलतात आणि घरी जातात. एका रात्री मात्र धडा बाजूला राहिला. एका बोटभर बाटलीवर सारा वर्ग झाला. तीच हकीगत आज आम्ही सांगणार आहोत.

वर्गात येणारी एक तरुण सून चार दिवस आली नव्हती. पाचव्या दिवशी आली ती पदर कपाळापर्यंत ओढून. शेजारच्या आजींनी विचारले, "काय गं, डोकं दुखतंय का?" तिने पदर थोडा मागे सारला. केसांच्या कडेला कपाळ लाल झाले होते. भांगात बारीक फोड आले होते.

झाले होते असे. तिला बाळंत होऊन चार महिने झाले होते. केस मुठीमुठीने गळत होते. फणी फिरवली की गुंता, उशीवर केस, न्हाणीच्या मोरीत केस. पोरगी घाबरली. आठवड्याच्या बाजारात एक जण तेल विकत होता. तो सांगे, "हे धूपाचं तेल, थेट अरबस्तानातलं. गळणारे केस थांबतील, टकलावर केस येतील, अंगावरचा डाग जाईल, तोंडावरच्या सुरकुत्या जातील." द्राक्षाच्या बागेत राबून आणलेल्या मजुरीतले तीनशे रुपये तिने मोजले. रात्री झोपताना पाव बाटली डोक्यावर ओतली आणि चांगली चोळली. मध्यरात्री आग व्हायला लागली. पण तिला वाटले, औषध लागू पडतेय, म्हणून आग होतेय. सकाळी फोड.

बाटली तिने सोबत आणली होती. ती हातोहात फिरली. आजींनी बूच काढून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर सालईच्या धूपाचा वास! अरबस्तान कशाला? माझ्या माहेरी सातपुड्यात ही झाडं डोंगरभर आहेत."

आजींचे माहेर यावलच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे होते. ते कसे, ते आता पाहू.

सालईचे झाड कोरड्या, खडकाळ डोंगरउतारावर वाढते. जळगाव, धुळे, नंदुरबारचा सातपुडा आणि तिकडे मेळघाट, ही त्याची गावे म्हणा ना. साल पांढुरकी-हिरवट असते आणि तिचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. पाने कडुलिंबाची आठवण करून देतात, त्यांच्या कडा दातेरी असतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ठेवले बॉस्वेलिया सेराटा. सेराटा म्हणजे करवतीसारखे दाते असलेले. संस्कृतात याच झाडाला शल्लकी म्हणतात आणि त्याच्या डिंकाला कुंदुरू. उन्हाळ्याच्या तोंडी पाने गळून जातात आणि उघड्या फांद्यांवर बारीक पांढरी फुले येतात. खोडावरची साल थोडी तासली की चिकट रस पाझरतो. काही दिवसांनी तो घट्ट होतो. मग खरवडून घेतात. हाच सालईचा डिंक, हाच धूप. घाव खोल घातला किंवा एका झाडाला फार घाव घातले, तर झाड खंगते. डिंकाच्या लोभाने झाडच गेले, असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे.

या झाडाचा आणि आपल्या वाचण्याचाही एक जुना संबंध आहे. भुसावळहून खांडव्याला जाताना वाटेत नेपानगर लागते. तिथल्या कागद कारखान्याचे उद्घाटन १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. आपल्या देशात वर्तमानपत्राचा कागद प्रथम तिथेच निघू लागला. त्यासाठी लागणारा लगदा सालईच्या लाकडाचा आणि बांबूचा होता. तेव्हा आजींच्या माहेरची कितीतरी झाडे लोकांनी सकाळच्या चहाबरोबर वाचून टाकली आहेत!

आता अरबस्तानाकडे वळू. सालईची चुलत भावंडे ओमान, येमेन आणि सोमालिया या मुलखांत वाढतात. तिथला धूप हजारो वर्षांपासून जगभर जातो. त्याला अरब लोक लुबान म्हणतात. सुमारे १९०० वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने बंदरांची एक वही लिहून ठेवली आहे. तिच्यात लिहिले आहे की भडोचकडून परतणारी गलबते अरबस्तानच्या एका बंदरात थांबत आणि कापड, धान्य व तेल देऊन धूप घेत. भडोच म्हणजे तेव्हाचे भरुकच्छ. हे नाव आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतही कोरलेले आहे. उषवदाताच्या शिलालेखात भरुकच्छ, शूर्पारक म्हणजे सोपारा, आणि आपले गोवर्धन ही नावे जवळजवळ आहेत. गोवर्धन गाव अजून नाशिकजवळ आहेच. इकडचे तेल तिकडे, तिकडचा धूप इकडे, असा हा व्यवहार जुना आहे.

पण नावांचा घोळही तितकाच जुना. सुमात्रा बेटावरून येणाऱ्या एका वेगळ्याच झाडाच्या डिंकाला अरबांनी लुबान जावी म्हटले. आपण त्यालाही लोबान म्हणू लागलो, ऊद म्हणू लागलो. राळ निराळी, गुग्गुळ निराळा. बाजारात मात्र कोणी कशालाही धूप म्हणतो. म्हणून 'लोबान तेल' एवढेच वाचून आत काय आहे ते कळत नाही. बाटलीवर बॉस्वेलिया हे नाव असले, तर सालई किंवा तिचे भावंड, असे समजावे. नुसते 'सुगंधी तेल' लिहिले असेल, तर आत धूपाचा थेंबही नसू शकेल.

हे तेल काढतात कसे? पातेल्यात डाळ उकळत असली की झाकणावर पाणी जमते ना, तसेच. डिंकातून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर डिंकातला वास उडून वर येतो. नळीतून जाताना वाफ थंड होते, पाणी खाली राहते आणि वर तेलाचा पातळ थर तरंगतो. पेठ-सुरगाण्याकडच्या मंडळींना मोहाची भट्टी आठवेल. उपमा अगदी बरोबर आहे, पण दारूबंदीच्या सभेत ती आम्ही देत नाही. शंभर भाग डिंकातून जेमतेम दहा भाग तेल निघते, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे हे तेल म्हणजे धूपाचा अर्क झाला. तीळ तेल, खोबरेल आणि हे तेल, तिन्हींना आपण तेलच म्हणतो, आणि घोटाळा तिथेच होतो. खोबरेल पसाभर चोपडले तरी चालते. अर्काचे तसे नाही. मिरची भाजीत घालतात, कोणी तिचा गोळा करून तोंडात टाकत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. सालईच्या डिंकात काही जड द्रव्ये आहेत. त्यांना बॉस्वेलिक आम्ले म्हणतात. सूज उतरवण्याच्या कामी त्यांचा अभ्यास झाला आहे. इटलीत पंधरा बायकांच्या चेहऱ्यावर ही आम्ले घातलेले मलम महिनाभर लावून पाहिले. उन्हाने खराब झालेल्या कातडीला थोडा गुण दिसला. ते २०१० साली छापून आले. विकणारे या गोष्टीचा दाखला देतात. पण ही जड द्रव्ये वाफेबरोबर वर चढत नाहीत. ती मागे, डिंकाच्या गाळातच राहतात. बाटलीतल्या तेलात वास येतो, आम्ले जवळजवळ येतच नाहीत. गुण डिंकाचा सांगायचा आणि विकायचे तेल, हा व्यवहार सरळ नव्हे. शिवाय पंधरा जणींचा प्रयोग म्हणजे लहानच.

केसांचीही तीच गत. डोक्यावर वाटोळी चाई पडते, त्यासाठी सुगंधी अर्कांचा एक प्रयोग स्कॉटलंडमध्ये झाला, १९९८ साली तो छापला गेला. त्यात काही लोकांचे केस परत आले हे खरे. पण त्या मिश्रणात रोझमेरी, थाईम, लव्हेंडर आणि देवदाराच्या जातीचे तेल होते. धूपाचे तेल नव्हतेच. अर्क मिसळले होते जोजोबाच्या आणि द्राक्षाच्या बियांच्या तेलात. हे ऐकून वर्गातला एक बागायतदार म्हणाला, "म्हणजे आमच्या बियांना तरी भाव आला म्हणायचा!"

मग त्या सुनेचे केस का गळत होते? हे मात्र प्रत्येक घरात कळायला हवे. गरोदरपणी अंगात असे बदल होतात की रोज गळायचे केस गळत नाहीत, डोक्यावरच थांबतात. म्हणून त्या दिवसांत वेणी दाट दिसते. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी हे थांबलेले केस एकदम गळू लागतात. मुळे मेलेली नसतात. बहुतेक बायांचे केस मूल वर्षाचे होईपर्यंत आपोआप सावरतात. काही लावा अथवा न लावा. मग ज्या बाईने त्या काळात जी बाटली लावली असेल, तिला श्रेय मिळते. सून म्हणाली, "म्हणजे माझे तीनशे रुपये कशाला गेले?" यावर आम्ही काय बोलणार! आजीच बोलल्या, "अगं, माझ्या वेळीही गळले. सासूबाई म्हणाल्या, पोर हसायला लागलं की आईचे केस गळतात. कोणी औषध नाही आणलं, आले परत." पोर हसण्याचा आणि केसांचा संबंध नाही, पण महिना मात्र सासूबाईंनी बरोबर धरला होता.

वर्ष उलटूनही केस गळत राहिले, चेहरा फिका पडला, चढ चढताना धाप लागली, तर अंगात रक्त कमी असू शकते. कधी गळ्यातल्या थायरॉईड गाठीचा दोष असतो. त्याची तपासणी रक्ताची असते. ती दवाखान्यात करावी.

आता कोणाला हा वास आवडतो आणि तेल लावायचेच आहे. आवडावा असाच वास आहे तो, देवघराची आठवण येते. तर एक चहाचा चमचा तीळ तेल किंवा खोबरेल घ्यावे आणि त्यात धूपाच्या अर्काचा एक थेंब टाकावा. एक चमचा, एक थेंब. मोठ्या माणसाच्या अंगाला, केसांना एवढे पुरे. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस थांबावे. खाज नाही, लाली नाही, मग पुढे जावे. डोळ्यांजवळ, ओठांवर, जखमेवर लावू नये. तान्ह्या मुलाला लावू नये. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. तेल कातडीला मऊपणा देते, पण तो मऊपणा मुख्यतः तिळाचा किंवा खोबऱ्याचा, हे लक्षात असू द्यावे. थेंब वासापुरता.

बाटली उघडी राहिली, उन्हात राहिली, फार जुनी झाली, की अर्क हवेने बिघडतो. असे जुने तेल कातडीला जास्त झोंबते. त्या सुनेच्या बाटलीवर तारीखच नव्हती. चुकून अर्क तसाच अंगावर सांडला आणि आग झाली, तर नुसत्या पाण्याने तो सुटत नाही. आधी खायच्या तेलाने पुसून काढावा, मग साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि दवाखाना गाठावा. मुलाने तोंडाला लावला तर ओकारी काढायला लावू नये. ओकताना तेल फुप्फुसात उतरते, ते अधिक घातक. बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखान्यात न्यावे. आणि हे तेल पेटते, म्हणून चुलीपासून लांब.

आजींनी बाळंतिणीच्या धुरीचा विषय काढला. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, धूप, आणि बाळंतिणीने त्यावर ओले केस वाळवायचे. बाळालाही धुरी. आमचे मत स्पष्ट आहे. न्हाल्यावर केस कोरडे करावे, ऊब घ्यावी, हे बरे. पण खोलीची दारे-खिडक्या लावून कोळसा पेटवला की एक विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्याने झोपेतच माणसे दगावतात. आणि तान्ह्याची फुप्फुसे कोवळी, त्याला कसलाच धूर देऊ नये, धूपाचाही नाही. आजींना हे पटायला वेळ लागला. "आम्ही काय धुरीवाचून वाढलो?" त्या म्हणाल्या. शेवटी दार उघडे ठेवून बाळंतिणीपुरता धूप चालेल आणि बाळ दुसऱ्या खोलीत, इथपर्यंत तडजोड झाली. ती आम्हांला पूर्ण मान्य नाही, पण त्या रात्री तेवढेच झाले.

एवढे बोलणे चालू असताना दाराशी बसलेला एक शेतकरी गप्प होता. वर्ग सुटता सुटता तो पुढे आला. त्याने सदऱ्याची बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा फिकट डाग होता. त्याच माणसाकडून त्यानेही बाटली घेतली होती आणि आठ महिने डागावर चोळत होता. आम्ही विचारले, "आग होते का?" तो म्हणाला, "नाही. तिथं काहीच कळत नाही."

ते ऐकून आम्ही चरकलो. सुनेला आग झाली, तिला निदान कळले तरी. त्याला निव्वळ अर्क चोळूनही काही कळत नव्हते. प्रत्येक फिकट डाग कुष्ठरोगाचा नसतो. शिबे असतात, दुसरेही डाग असतात. पण ज्या डागाला स्पर्श कळत नाही, गरम-थंड कळत नाही, तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगून कापसाने डागाला हात लावला, नसा चाचपल्या. निदान कुष्ठरोगाचेच झाले. गोळ्या फुकट मिळाल्या. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगासाठी दोन-तीन औषधे एकत्र द्यायची पद्धत सांगितली. तेव्हापासून हा रोग पुरता बरा होतो. डाग किती आहेत ते पाहून सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्या सुरू झाल्यावर लवकरच दुसऱ्याला लागण होण्याचे भय राहत नाही, रोग्याला घराबाहेर बसवायचे कारण नाही. मात्र उशीर झाला, तर नसा निकामी होतात, बोटे वाकतात. गेलेली नस गोळ्या परत आणत नाहीत. या माणसाची बोटे शाबूत होती. तेलापायी आठ महिने गेले, ते परत येत नाहीत.

पुढच्या वर्गाला आम्ही ती बाटली मुद्दाम मध्ये ठेवली आणि चिठ्ठी वाचायला घेतली. अक्षरे मुंगीएवढी, निम्मी इंग्रजी. फळ्यावर आम्ही ती देवनागरीत मोठी करून लिहिली. बनवणाऱ्याचे नाव शोधा, म्हटले. नव्हते. पत्ता? नव्हता. परवाना क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचे? काहीच नव्हते. झाडाचे शास्त्रीय नाव नव्हते. 'शंभर टक्के शुद्ध' एवढे मात्र तीनदा होते. वर्गातल्या बायांनी एकेक अक्षर जोडून ते वाचले आणि तिसऱ्यांदा तेच आले तेव्हा सगळ्या हसल्या.

सुनेच्या डोक्यावरचे फोड आठवड्याने वाळले. उरलेले तेल टाकून दे, असे आम्ही सुचवले. तारीख नसलेले तेल, काय भरवसा? पण तीनशे रुपये तिला सोडवेनात. देवघरात वासापुरते ठेवते, म्हणाली. मग तिने वहीतला एक कागद फाडला, पेन्सिल घेतली आणि वाकून लिहू लागली. 'थेंब' लिहिताना अडली, आजींनी अनुस्वार दाखवला. कागद गव्हाच्या खळीने बाटलीला चिकटवला. त्यावर असे लिहिले होते:

'सालईचा अर्क. अंगाला लावू नका. पोरांनी हात लावू नये.'

खाली तिने आपले नाव घातले आणि बाटली देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली.